यंत्राचा डोळा आणि उसाची ट्रॉली

(बी. ए. द्वितीय वर्ष, भूगोल)

मार्गशीर्ष-पौष महिन्यांत नांदेड-लातूर रस्त्याने रात्रीच्या एस. टी.ने ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना एक अनुभव ओळखीचा असेल. गाडी लोहा मागे टाकून माळेगावच्या दिशेने धावत असते. निम्मे प्रवासी पेंगत असतात. एकाएकी ड्रायव्हर कचकन ब्रेक दाबतो, सर्वांची कपाळे पुढच्या बाकावर आदळतात, कुणाची पिशवी घरंगळत जाते. "काय झालं हो?" असे कुणीतरी विचारते. "काही नाही, उसाची ट्रॉली," असे उत्तर येते आणि गाडी पुन्हा पेंगू लागते.

माझ्या मामांच्या बाबतीत मात्र ते 'काही नाही' झाले नाही. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ते चाकूरकडून मोटारसायकलवर रात्री गावी परतत होते. रस्त्याच्या कडेला एक्सल तुटलेली ट्रॉली उभी होती. तिच्या मागे दिवा नव्हता. मामा वाचले; परंतु त्यांच्या उजव्या पायात सळई आहे आणि शेतातले उभ्याने करायचे काम आता त्यांच्याने होत नाही. ती ट्रॉली माझ्या वडिलांची नव्हती. पण माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) हंगामात उसाचाच ट्रॅक्टर चालवतात. दवाखान्यात ते मामांच्या उशाशी तीन दिवस बसून होते, पण मान वर करून बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला एवढेच म्हणाले, "माझी बी तशीच उभी ऱ्हायली होती की गेल्या साली. कुणी धडकलं न्हाई, एवढंच."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात ऐकलेली किंवा वाचलेली प्रत्येक नवी गोष्ट सुटीत घरी जाऊन सांगण्याची मला सवय आहे. या दिवाळीत मी अण्णांना सांगितले, की नागपूरच्या शहर बसगाड्यांना यंत्राचा डोळा बसवला आहे, समोर काही आले की तो ड्रायव्हरला आधीच सावध करतो. अण्णांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "त्या डोळ्याला आपली ट्रॉली दिसती का?"

मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे. मी विज्ञानशाखेची विद्यार्थिनी नाही. तेव्हा जे समजले ते माझ्यासारख्यांना समजेल अशा भाषेत मांडते.

प्रश्न केवढा मोठा?

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. एकट्या महाराष्ट्रात हा आकडा १५,२२४ होता. देशाचा हिशेब तासावर मांडला, तर दर तासाला १९ माणसे होतात. आपला एक तास संपून दुसऱ्या तासाची घंटा होईपर्यंत देशात कुठे ना कुठे १९ घरांत रडारड सुरू झालेली असते. या मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि सुमारे १९ टक्के पायी चालणारे. म्हणजे मोटारीत बसणाऱ्यांपेक्षा मोटारीबाहेरचा माणूसच रस्त्यावर अधिक मरतो. हे लक्षात ठेवले पाहिजे. कारण यंत्राच्या डोळ्याने कोणाकडे पाहायचे, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

यंत्र पाहते म्हणजे काय?

आपल्याला वाटते, की डोळा पाहतो. खरे तर डोळा फक्त उजेड गोळा करतो. पाहण्याचे काम मेंदू करतो. यंत्राचेही तसेच आहे. समोरच्या काचेला आतून चिकटवलेला कॅमेरा हा नुसता उजेड गोळा करणारा. त्याने घेतलेले चित्र संगणकाच्या लेखी चित्र नसतेच. ती असते आकड्यांची एक मोठी चौकट. आपल्या आईने रांगोळीसाठी ठिपके काढावेत तसे ओळीत मांडलेले बिंदू. एका चांगल्या चित्रात असे सुमारे २० लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला त्याच्या उजेडाप्रमाणे शून्यापासून २५५ पर्यंत एक आकडा दिलेला असतो: शून्य म्हणजे काळाकुट्ट अंधार, २५५ म्हणजे लख्ख पांढरे. रंगीत चित्र असेल तर लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे. अशी चित्रे सेकंदाला तीसेक येत राहतात.

या आकड्यांच्या राशीतून बैल कोणता आणि बस कोणती हे कसे ओळखायचे? पहिली पायरी कडांची. जिथे एकदम गडद आकड्याशेजारी फिकट आकडा येतो, तिथे कसली तरी कड आहे. कडा जुळून रेषा होतात, रेषांतून चाक, काच, दिवा असे अवयव होतात आणि अवयवांतून वस्तू उभी राहते. १९८० च्या दशकात जर्मनीत म्युनिकजवळच्या लष्करी विद्यापीठातील प्राध्यापक एर्न्स्ट डिकमन्स यांनी याच मार्गाने ५ टनांच्या एका मोठ्या गाडीला रस्त्याच्या कडा ओळखायला शिकवले. १९८७ मध्ये ती गाडी रिकाम्या महामार्गावर ताशी ९६ किलोमीटर वेगाने आपली आपण धावली. परंतु तो रस्ता रिकामा होता, हे विसरता कामा नये. मोंढ्यासमोरचा रस्ता निराळा.

पुढे शास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की प्रत्येक वस्तूचे नियम माणसाने लिहून देणे अशक्य आहे. 'गाय म्हणजे चार पाय, दोन शिंगे' असे लिहिले, तर बसलेली गाय हुकते आणि बिनशिंगाची कालवडही हुकते. आपण लहान मुलाला गाय कशी शिकवतो? व्याख्या सांगत नाही. "ही बघ गाय, ती म्हैस" असे म्हणत दाखवत राहतो. मूल चुकते, आपण सुधारतो, आणि एक दिवस ते अनोळखी गाईलाही गाय म्हणते. यंत्रालाही आता तसेच शिकवतात. मेंदूतील चेतापेशींच्या धर्तीवर रचलेल्या गणिती जाळ्याला लाखो चित्रे दाखवायची. प्रत्येक चित्रावर 'हा ट्रक', 'हा माणूस' अशी नावे माणसांनी आधीच लिहिलेली असतात. यंत्र चुकले की जाळ्यातील आकडे किंचित बदलायचे. २०१२ मध्ये कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे १२ लाख चित्रांवर शिकवलेल्या अशा जाळ्याने चित्रे ओळखण्याच्या एका जागतिक स्पर्धेत बाकी सर्वांना फार मागे टाकले. इतरांची चूक २६ टक्क्यांवर अडली होती. या जाळ्याची १५ टक्क्यांवर आली. तेव्हापासून या शास्त्राचा ओघच बदलला.

यातून एक गोष्ट निघते आणि माझ्या सगळ्या लेखाचे म्हणणे तेच आहे: यंत्राचा डोळा जे त्याला दाखवले गेले तेवढेच ओळखतो.

पाच सेकंदांचे गणित

ओळखल्यानंतरची पायरी म्हणजे धडक किती वेळात होईल ते काढणे. एका कॅमेऱ्याला अंतर थेट मोजता येत नाही. तरीही तो वेळ सांगू शकतो. ते गणित मला फार आवडले, म्हणून इथे देते.

समजा, पुढच्या वाहनाची मागची बाजू चित्रात ४० बिंदू रुंद दिसते आहे. अर्ध्या सेकंदाने ती ४४ बिंदू दिसू लागली. वस्तू जितकी जवळ, तितकी मोठी दिसते. अंतर निम्मे झाले तर रुंदी दुप्पट. म्हणजे रुंदी ४० ची ४४, अर्थात १० ची ११ झाली, तेव्हा अंतर ११ भागांवरून १० भागांवर आले. एक भाग कापायला अर्धा सेकंद लागला. उरलेले १० भाग कापायला ५ सेकंद लागतील. वेग असाच राहिला तर पाच सेकंदांनी धडक! वाहन किती मीटरवर आहे, त्याचा वेग किती, यांतले काहीच ठाऊक नसताना यंत्राने हे सांगितले. आपले डोळेही नकळत हेच करतात. अंगावर येणारा चेंडू आपण याच हिशेबाने चुकवतो.

पाच सेकंद म्हणजे थोडे वाटतात. पण ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी जीप सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत माणसाला सुमारे दीड सेकंद लागतो, तेवढ्यात ३३ मीटर गेले. मग कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी साधारण ३५ मीटर. एकूण ६८. ड्रायव्हर पाच सेकंद आधी सावध झाला तर गाडी आरामात थांबते. दोन सेकंद आधी सावध झाला तर धडक टळत नाही, फक्त तिचा जोर कमी होतो.

नागपूरच्या बसगाड्या

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. २०२१ मध्ये नागपुरात 'आयरास्ते' नावाचा प्रकल्प सुरू झाला. हैदराबादची आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था, दिल्लीची केंद्रीय रस्ता संशोधन संस्था, इंटेल व महिंद्र या कंपन्या आणि नागपूर महानगरपालिका अशा अनेकांनी मिळून तो उभा केला. महानगरपालिकेच्या शहर बसगाड्यांच्या समोरच्या काचेमागे कॅमेरे बसवण्यात आले. पुढचे वाहन फार जवळ आले, पादचारी आडवा आला किंवा बस आपली पट्टी सोडू लागली, की यंत्र आवाज करून ड्रायव्हरला सावध करते. ब्रेक मात्र ड्रायव्हरनेच दाबायचा.

पण या प्रकल्पातील मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ही नव्हे. ती आहे नकाशा. मी भूगोलाची विद्यार्थिनी असल्याने कदाचित मला तसे वाटत असेल. आपल्याकडे अपघाताची 'काळी जागा' ठरवण्याचा सरकारी नियम असा: राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले पाहिजेत, किंवा १० माणसे मेली पाहिजेत. म्हणजे जागा धोक्याची आहे हे कागदावर येण्यासाठी आधी माणसांनी मरायचे! नागपुरात यंत्राने जिथे जिथे वारंवार धोक्याचा इशारा दिला, ती ठिकाणे नकाशावर मांडली. त्यांना त्यांनी 'करड्या जागा' म्हटले: अजून काळ्या न झालेल्या, पण होऊ घातलेल्या. तिथे झाड छाटणे, गतिरोधक घालणे, पट्टे मारणे, बसथांबा हलवणे असे उपाय अपघाताआधीच करता येतात. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही आपली म्हण. इथे ठेच लागता लागता राहिली, तरी मागचा शहाणा होऊ शकतो. पुढे शेजारच्या तेलंगणातही हाच प्रकल्प राज्य परिवहनाच्या महामार्गावरील बसगाड्यांत गेला. देगलूर-बिलोलीची सीमा ओलांडली की तेलंगणच लागते. म्हणजे ही गोष्ट आपल्यापासून फार दूर नाही.

दुसरे उदाहरण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे. तिथे २०२४ पासून रस्त्यावरच्या कमानींवर कॅमेरे बसवलेली वाहतूक-व्यवस्था सुरू झाली. वेग ओलांडणे, पट्टी मोडणे, सीटबेल्ट न लावणे असे निरनिराळे गुन्हे ती टिपते, गाडीचा क्रमांक वाचते आणि दंडाची नोटीस निघते. हे मी सांगितले तेव्हा अण्णा लगेच म्हणाले, "म्हंजी तो डोळा वाचवायला हाय का दंड लावायला?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दंडाने वेग कमी होतो आणि वेग कमी झाला की माणसे वाचतात, हे खरेच. पण एकाच शास्त्राचे हे दोन उपयोग आहेत. नागपूरचा डोळा ड्रायव्हरच्या कानात सांगतो. द्रुतगती मार्गाचा डोळा सरकारला सांगतो. पहिल्या डोळ्याला ड्रायव्हर मित्र मानतो, दुसऱ्याला चुकवू पाहतो. आपल्या रस्त्यांवर यंत्रे येतील तेव्हा दोन्ही आली पाहिजेत, एकटी दुसरीच नव्हे.

तिसरा एक डोळा ड्रायव्हरकडेच वळलेला असतो. पापण्या किती वेळ मिटून राहतात, मान कलते का, नजर रस्त्यावर आहे का, हे तो पाहतो आणि डुलकी लागताच गजर करतो. रात्रभर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर रांगेत थांबून पहाटे पुन्हा फडाकडे निघणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला याची गरज नाही असे कोण म्हणेल? पण अण्णांचे उत्तर मी वहीत लिहून ठेवले आहे: "झोप लागली म्हणून यंत्र वरडंल. पण झोपू कवा देईल?" यंत्र थकवा ओळखू शकते, तो घालवण्यासाठी रांग कमी व्हावी लागते आणि खेपांचा हिशेब बदलावा लागतो. ते काम यंत्राचे नाही.

दिसणे आणि ओळखणे

मग अण्णांच्या मूळ प्रश्नाचे काय? तिकडे जाण्यापूर्वी एका परदेशी अपघाताची हकीकत सांगितली पाहिजे. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील टेम्पी गावी उबर कंपनीची एक चाचणी-मोटार आपोआप चालत होती. एक महिला हाताने सायकल ढकलत रस्ता ओलांडत होती. मोटारीने तिला धडक दिली आणि ती मरण पावली. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. मोटारीच्या यंत्रांनी तिला धडकेच्या ५.६ सेकंद आधीच टिपले होते! मघाचे पाच सेकंदांचे गणित आठवावे. वेळ पुरेसा होता. परंतु यंत्र तिला कधी वाहन, कधी 'इतर वस्तू', तर कधी सायकल समजत राहिले, आणि प्रत्येक वेळी नाव बदलले की तिची वाट नव्याने आखू लागले. चौक सोडून मध्येच रस्ता ओलांडणारा माणूस त्याच्या हिशेबात धरलेलाच नव्हता. मोटारीत देखरेखीला माणूस होता. त्याचे लक्ष फोनकडे होते.

ती दिसली होती. ओळखली गेली नव्हती.

आपल्या रस्त्यांवर तर असे 'हिशेबात न धरलेले' पावलोपावली आहे. या शास्त्रात जगभर वापरला जाणारा चित्रांचा एक संग्रह २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ५० शहरे बहुतेक जर्मनीतील आहेत. आखीव पट्टे, रुंद पदपथ, शिस्तीत चालणारी माणसे. अशा चित्रांवर शिकलेले यंत्र लोह्याच्या आठवडी बाजारात आणले तर ते गांगरेल, यात नवल नाही. ही उणीव हैदराबादच्या त्याच संस्थेतील संशोधकांनी हेरली. त्यांनी हैदराबाद, बेंगळुरू आणि त्यांच्या आसपासच्या रस्त्यांवर मोटारीतून चित्रीकरण केले आणि १०,००० चित्रांवर बिंदूबिंदूला नाव लावले. हा भारतीय रस्त्यांचा चित्रसंग्रह सर्वांना अभ्यासासाठी उपलब्ध आहे. त्यात ३४ प्रकारची नावे आहेत. ऑटोरिक्षाला त्यात स्वतःचे नाव मिळाले, जनावरांना मिळाले, डांबराच्या कडेची कच्ची, पण गाडी जाऊ शकेल अशी जमीनही त्यात निराळी दाखवली आहे. हे जर्मनीत बसून कुणाला सुचले नसते.

'इतर' या रकान्यातली वाहने

तरीही त्या यादीत बैलगाडीला निराळे नाव नाही. जे वाहन कशातच बसत नाही त्याच्यासाठी 'उरलेली वाहने' असा एक गठ्ठा आहे. हे वाचून मला हसू आले. अर्जावरचा 'इतर' हा रकाना आमच्या घराला चांगला ओळखीचा आहे. वडिलांचा व्यवसाय: शेती, नोकरी, व्यापार, इतर. सहा महिने दुसऱ्याचा ट्रॅक्टर आणि सहा महिने मोलमजुरी, याला तिथे दुसरा शब्द नसतो.

पण रस्त्यावर 'इतर' असणे जिवाशी येते. कारण यंत्र वाहन ओळखते ते त्याच्या मागच्या रूपावरून: चौकोनी पाठ, दोन बाजूंना दोन लाल दिवे, खाली क्रमांकाची पाटी, चाकांखाली सावली. उसाने भरलेल्या ट्रॉलीला यांतले काय असते? ऊस मागे हातभर बाहेर आलेला. वाढे खाली लोंबत असतात, त्यांनी दिवे झाकलेले. क्रमांक दिसत नाही. दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या. अंधारात हे सर्व एखाद्या झुडपासारखे दिसते. आणि रस्त्याच्या कडेला झुडूप असणे स्वाभाविकच म्हणून यंत्रही ते झुडूप मानू शकते.

"मग रडार आहे की," असे कुणी म्हणेल. रडार अंधारातही चालते, हे खरे. पण रडारला रस्त्यावरचे पूल, खांब, पाट्या या सर्वांचेच प्रतिध्वनी येतात. त्या प्रत्येकाला ब्रेक मारायचा म्हटले तर गाडी चालणारच नाही. म्हणून अनेक मोटारींतील रडार हलत्या वस्तूंवर भर देते आणि जागच्या जागी उभ्या असलेल्या वस्तूंना कमी लेखते. आणि आपली एक्सल तुटलेली ट्रॉली तर उभीच असते!

याच यादीत रस्त्यावर वाळत घातलेली सोयाबीनची रास धरावी, माळेगावच्या यात्रेला निघालेली घोडी आणि उंट धरावेत, बंद पडलेल्या गाडीमागे मांडलेले दगड आणि बाभळीची फांदीही धरावी. ती फांदी म्हणजे आपल्याकडचा धोक्याचा त्रिकोण. ती पाहून आपला ड्रायव्हर 'पुढे गाडी बंद पडली आहे' असे समजतो. यंत्राला हा अर्थ कुणी शिकवला आहे काय?

अण्णांना उत्तर

सर्व वाचून झाल्यावर मी गावी गेले तेव्हा अण्णांना सांगितले, "दिवसा दिसते. रात्री, नुसत्या उसाची पाठ असेल, तर भरवसा नाही."

अण्णा म्हणाले, "मंग माणसासारखंच की."

त्यांचे बरोबर होते आणि तिथेच मला अर्धे उत्तर सापडले. खाली सोडलेल्या हेडलाइटचा उजेड साधारण ४०-५० मीटर पडतो. मघाच्या हिशेबाने ताशी ८० च्या जीपला थांबायला ६८ मीटर लागतात. म्हणजे न चमकणारी ट्रॉली दिसेपर्यंत उशीर झालेलाच असतो. पाहणारा माणूस असो की यंत्र. पण आपण ज्याला 'रेडियमची पट्टी' म्हणतो ती लावलेली असेल, तर ती शंभर-दीडशे मीटरवरून सहज चमकते. या पट्टीत रेडियम मुळीच नसते. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा तसेच बारीक लोलक बसवलेले असतात आणि ते उजेड इकडेतिकडे न फेकता ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवतात. म्हणून हेडलाइटमागे बसलेल्या डोळ्याला ती लख्ख दिसते, आणि हेडलाइटजवळच्या कॅमेऱ्यालाही. काळोखाच्या शून्य-शून्य आकड्यांत एकदम २५५ ची ओळ उमटते. यंत्राच्या डोळ्याला यापेक्षा सोपी खूण दुसरी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत अशा परावर्तकांची सक्ती आहेच; ती पट्टी वाढ्याखाली झाकली जाऊ नये, एवढे आपण पाहिले पाहिजे.

उरलेले अर्धे उत्तर आपल्यासारख्यांच्या हातात आहे, असे मला वाटते. यंत्राला आपला रस्ता शिकवायचा तर आपल्या रस्त्याची चित्रे हवीत आणि त्यांवर योग्य नावे हवीत. हैदराबादच्या मोटारीने हैदराबादचे रस्ते टिपले. औसा, चाकूर, अहमदपूर, लोहा या रस्त्यावरचा हंगाम कोण टिपणार? आपल्या नांदेडात विष्णुपुरीला अभियांत्रिकीची जुनी संस्था आहे, विद्यापीठ आहे. तेथील विद्यार्थ्यांनी गणित पाहावे. चित्रे जमवण्याचे आणि नावे लावण्याचे काम कला शाखेच्या विद्यार्थ्यांना का जमू नये? रिकामी ट्रॉली, भरलेली ट्रॉली, जोडट्रॉली, ऊसतोडीची बैलगाडी, वाढ्याचा भारा डोक्यावर घेतलेली बाई: या प्रत्येकाला निराळे नाव देण्यासाठी तो जन्मभर पाहिलेला माणूस लागतो. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ता झाडतो. एखाद्या वर्षी रस्त्यावरच्या करड्या जागांचा नकाशा करावा आणि ट्रॉल्यांना पट्ट्या लावाव्यात, अशी माझी प्राध्यापकांना नम्र सूचना आहे.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. अण्णांनी मालकाकडे मागून पट्टीचे एक बंडल आणले आहे. ट्रॉलीच्या फळीवर लावली तर वाढ्याने झाकते, म्हणून त्यांनी एक आडवी लोखंडी पट्टी उसाच्याही मागे येईल अशी दोरीने बांधण्याची युक्ती काढली. बांधून झाल्यावर रात्री मामांना, त्यांना चालायला त्रास होतो तरी, बांधावर नेऊन उभे केले आणि मला लांबून टॉर्च मारायला सांगितली.

"दिसली का?" अण्णांनी विचारले.

मामा म्हणाले, "दिसली की, दाजी."